आभासी यंत्रांसाठीच्या कर्नल ड्रायव्हरचे परीक्षण कसे होते?

एकाच मोठ्या संगणकावर अनेक स्वतंत्र संगणक चालवण्याच्या तंत्राला आभासीकरण किंवा व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. अशा प्रत्येक आभासी संगणकाला आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, हे नाव आहे. आज बँका, सरकारी सेवा, दुकानांची संकेतस्थळे आणि मोबाइल ॲप यांचा मोठा भाग क्लाउडमधल्या अशाच यंत्रांवर चालतो. ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांची मुंबई-पुण्यातली क्लाउड केंद्रेही याच तत्त्वावर उभी आहेत. तिथे एकमेकांना न ओळखणाऱ्या ग्राहकांची यंत्रे एकाच प्रोसेसरवर आणि एकाच मेमरीत शेजारी शेजारी असतात. त्यांच्यामधली भिंत विटांची नसून कोडची असते. त्या कोडचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे कर्नलमधले ड्रायव्हर. हा कोड कर्नलमध्ये घेण्याआधी इतरांनी तो वाचून तपासण्याच्या कामाला परीक्षण किंवा रिव्ह्यू म्हणतात. लिनक्स कर्नलमध्ये हे काम कसे चालते आणि त्यात नेमके काय पाहिले जाते, याची माहिती या लेखात दिली आहे.

पार्श्वभूमी

एका यंत्रात अनेक यंत्रे चालवण्याची कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकात आपल्या मोठ्या संगणकांवर ती प्रत्यक्षात आणली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली बाजारात आणली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी कोणत्या प्रोसेसरवर आभासीकरण नीट करता येईल याच्या अटी मांडल्या. वैयक्तिक संगणकांत वापरले जाणारे एक्स८६ प्रोसेसर या अटींत बसत नव्हते. त्यामुळे १९९० च्या दशकाअखेरीस व्हीएमवेअरने आणि २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या झेन प्रकल्पाने वेगवेगळ्या युक्त्या वापरून त्यातून मार्ग काढला.

इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय दिली आणि चित्र बदलले. आता आभासी यंत्राच्या सूचना थेट प्रोसेसरवर धावू शकत होत्या. त्या यंत्राने काही संवेदनशील सूचना दिली की प्रोसेसर आपोआप थांबून ताबा मूळ प्रणालीकडे देई. याच सोयीचा उपयोग करून केव्हीएम हा लिनक्स कर्नलचा भाग तयार झाला. अवी किव्हिटी यांनी तो २००६ मध्ये मांडला आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या आवृत्तीत तो लिनक्समध्ये दाखल झाला. केव्हीएममुळे लिनक्स स्वतःच हायपरव्हायजर, म्हणजे आभासी यंत्रे चालवणारी प्रणाली, बनला.

यजमान आणि पाहुणा

या क्षेत्रात खऱ्या संगणकावरच्या प्रणालीला यजमान आणि आभासी यंत्रातल्या प्रणालीला पाहुणा म्हणतात. ड्रायव्हरही दोन्ही बाजूंना असतात.

यजमानाच्या बाजूला केव्हीएमसारखा कोड प्रोसेसरची आभासीकरणाची सोय हाताळतो. पाहुण्याला प्रत्यक्ष नेटवर्क कार्ड किंवा डिस्क सहसा मिळत नाही, मिळते ते तिचे आभासी रूप. ते वापरण्यासाठी पाहुण्याच्या कर्नलमध्ये वेगळे ड्रायव्हर लागतात. रस्टी रसेल यांनी सुरू केलेली व्हर्टआयओ ही अशा ड्रायव्हरांची प्रमाण पद्धत आहे. २००८ च्या सुरुवातीला आलेल्या २.६.२४ या आवृत्तीपासून ती लिनक्समध्ये आहे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीसाठी आणि व्हीएमवेअरसाठी त्यांचे त्यांचे ड्रायव्हर आहेत.

व्हर्टआयओमध्ये यजमान आणि पाहुणा मेमरीचा एक भाग सामायिक ठेवतात. पाहुणा तिथे एक नोंद करतो: अमुक पत्त्यावर, इतक्या लांबीची माहिती आहे, ती पाठव. यजमान नोंद वाचतो, काम करतो आणि झाल्याची खूण ठेवतो. ही सोपी वाटणारी देवाणघेवाण परीक्षणाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक जागा आहे, कारण एका बाजूने लिहिलेला आकडा दुसरी बाजू वाचते आणि त्यावर कृती करते.

पॅचचा प्रवास

लिनक्स कर्नलमध्ये कोड थेट कोणी घालू शकत नाही. बदल करणारा आपला बदल पॅच या रूपात ईमेलने पाठवतो. तो कोणाला पाठवायचा हे कर्नलसोबत असलेल्या मेंटेनर्स नावाच्या फाइलवरून कळते. कर्नलच्या प्रत्येक विभागाला मेंटेनर, म्हणजे जबाबदारी घेणारी व्यक्ती, असते.

पॅच लहान असावा आणि एका पॅचमध्ये एकच तर्कसंगत बदल असावा, अशी अपेक्षा असते. मोठे काम असेल तर ते क्रमाने लावलेल्या दहा-वीस पॅचच्या मालिकेत मांडले जाते आणि मालिकेतल्या प्रत्येक टप्प्यावर कर्नल बांधला जाऊन चाललाच पाहिजे. पुढे काही बिघडले तर नेमका कोणता बदल दोषी आहे हे शोधणे त्यामुळे सोपे जाते. पॅचसोबतच्या मजकुरात काय बदलले यापेक्षा का बदलले हे सांगणे महत्त्वाचे मानले जाते.

पॅचच्या तळाशी नावानिशी काही ओळी असतात. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ म्हणजे हा कोड देण्याचा आपल्याला हक्क आहे अशी हमी. ही पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणजे आपण तो नीट वाचला आणि आपल्या मते तो योग्य आहे. ‘टेस्टेड-बाय’ म्हणजे चालवून पाहिला. जुन्या चुकीची दुरुस्ती असेल तर ‘फिक्सेस’ या ओळीत ती चूक ज्या बदलातून आली त्याची ओळख देतात.

परीक्षक आक्षेप घेतात आणि लेखक सुधारून दुसरी, तिसरी, कधी कधी दहावी आवृत्ती पाठवतो. मेंटेनरने स्वीकारलेला पॅच आधी त्याच्या विभागाच्या कोडसंग्रहात जातो. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती येते. प्रत्येक चक्राच्या सुरुवातीला दोन आठवडे नवे बदल घेतले जातात आणि त्यानंतर मुख्यतः दुरुस्त्याच होतात.

परीक्षक काय पाहतो?

मांडणी, नावे आणि शैली हे सगळ्याच कोडमध्ये पाहिले जाते. आभासी यंत्रांशी संबंधित कोडमध्ये त्यापलीकडे काही खास प्रश्न विचारले जातात.

*१. हा आकडा कोणाकडून आला?* यजमानाच्या कोडने पाहुण्याकडून आलेल्या कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो. लांबी, पत्ता, क्रमांक, सगळे आधी तपासायचे. मात्र तपासणी असणे पुरेसे नाही, ती बरोबर असावी लागते. समजा ४,०९६ बाइटच्या जागेत पाहुण्याने ‘सुरुवात’ आणि ‘लांबी’ असे दोन आकडे दिले आणि कोडने दोन्हींची बेरीज ४,०९६ पेक्षा कमी आहे का ते पाहिले. वरवर हे ठीक दिसते. पण ३२ बिटांच्या आकड्यात ४,२९४,९६७,२९५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, ती पुन्हा शून्यापासून सुरू होते. पाहुण्याने सुरुवात ४,२९४,९६७,२०० आणि लांबी २०० दिली तर बेरीज १०४ भरते आणि तपासणी पार होते. म्हणून आधी लांबी एकूण जागेपेक्षा मोठी नाही ना ते पाहायचे आणि मग एकूण जागेतून लांबी वजा करून जे उरेल त्याच्याशी सुरुवातीची तुलना करायची. अनुभवी परीक्षक बेरीज दिसली की तिथे थांबतो तो यासाठी.

*२. हा आकडा किती वेळा वाचला?* सामायिक मेमरीतला आकडा एकदा वाचून तपासला आणि वापरताना पुन्हा वाचला, तर मधल्या काळात पाहुणा तो बदलू शकतो. पाहुण्याकडे एकाहून अधिक आभासी प्रोसेसर असतात. एक सूचना देत असताना दुसरा आकडा बदलत बसू शकतो. म्हणून नियम असा की आकडा एकदाच स्वतःच्या मेमरीत उतरवून घ्यायचा आणि तपासणी व वापर दोन्ही त्या प्रतीवरच करायचे. स्रोतकोडमध्ये वाचन एकदाच दिसत असले तरी कंपायलर ते दोनदा करू शकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. त्यासाठी कर्नलमध्ये ‘रीड वन्स’ ही खास सोय आहे.

*३. ही मेमरी कोण परत करणार आणि कधी?* यंत्र बंद करणे, उपकरण काढून घेणे, मध्येच चूक होऊन माघार घेणे अशा प्रसंगी मेमरी दोनदा परत केली जाणे किंवा परत केल्यावरही वापरली जाणे या चुका होतात. म्हणून परीक्षक सरळ वाटेपेक्षा चुकीच्या वाटा अधिक काळजीने वाचतो. पाचव्या पायरीवर अपयश आले तर आधीच्या चार पायऱ्या उलट्या क्रमाने नीट आवरल्या जातात का, हे तो एकेक ओळ घेऊन पाहतो. दोन धागे एकाच वेळी तिथे पोहोचले तर कुलूप कोणाकडे असेल, हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न.

*४. हा करार कायम पाळता येईल का?* केव्हीएम वापरणारे कार्यक्रम कर्नलशी ठरावीक आज्ञांच्या द्वारे बोलतात. अशी आज्ञा एकदा प्रसिद्ध झाली की ती मोडायची नाही, हा लिनक्सचा दंडक आहे. म्हणून नव्या आज्ञेच्या रचनेवर सर्वाधिक वाद होतो. रचनेत पुढील वाढीसाठी जागा आहे का, आज न वापरलेले बिट शून्यच असले पाहिजेत असे बंधन आहे का, मधल्या रिकाम्या बाइटमधून कर्नलमधली जुनी माहिती बाहेर गळत नाही ना, हे पाहिले जाते. चालू यंत्र एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय असते. त्यामुळे यंत्राची पूर्ण अवस्था बाहेर काढता आणि परत भरता येते का, हाही प्रश्न असतो.

*५. प्रोसेसर अंदाजाने काय करेल?* जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर हा दोष जाहीर झाला. प्रोसेसर वेगासाठी तपासणीचा निकाल येण्याआधीच अंदाजाने पुढे जातो आणि त्या अंदाजातून गुप्त माहितीचा माग राहू शकतो, हे त्यातून दिसले. तेव्हापासून पाहुण्याने दिलेला क्रमांक यादीतल्या घरासाठी वापरला जात असेल तर साधी तपासणी पुरेशी मानत नाहीत. तो क्रमांक अंदाजी वाटेवरही मर्यादेतच राहील अशी सोय करावी लागते.

उदाहरण: हायपर-व्हीचे ड्रायव्हर

२० जुलै २००९ रोजी मायक्रोसॉफ्टने हायपर-व्हीवर लिनक्स नीट चालावे यासाठी सुमारे २०,००० ओळींचा ड्रायव्हर कोड जीपीएल परवान्याखाली लिनक्सला दिला. त्या काळी ही मोठी बातमी होती. कोड थेट मुख्य भागात न जाता ‘स्टेजिंग’ या विभागात ठेवला गेला. चालणारा पण अजून कर्नलच्या दर्जाचा नसलेला कोड तिथे ठेवतात. तिथले मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन होते.

कोड विंडोजच्या पद्धतीने लिहिलेला होता. नावे वेगळ्या शैलीची होती आणि कर्नलमध्ये आधीच असलेल्या सोयींवर स्वतःचे आवरण घातलेले होते. तो कर्नलच्या शैलीच्या जवळ आणण्यासाठीच दोनशेहून अधिक पॅच लागले. काही महिन्यांतच क्रोआ-हार्टमन यांनी जाहीर सांगितले की मायक्रोसॉफ्टचे विकासक उत्तरे देत नाहीत आणि ते परतले नाहीत तर हा कोड काढून टाकला जाईल. कंपनीने प्रतिसाद दिला आणि काम पुढे सरकले. पुढे के. वाय. श्रीनिवासन यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले. २०११ मध्ये आलेल्या ३.० या आवृत्तीत बदलांच्या संख्येनुसार व्यक्तिगत यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. त्यानंतर हे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने स्टेजिंगमधून बाहेर पडून मुख्य कर्नलमध्ये गेले.

या कथेला एक जोडपत्र आहे. लिनक्स पाहुणा हायपर-व्हीला स्वतःची ओळख म्हणून एक आकडा देत असे. सोळा अंकांच्या पद्धतीत लिहिल्यावर तो स्त्रीच्या शरीराविषयीचा हिणकस विनोद म्हणून वाचता येई. २००९ पासून कित्येक जणांच्या डोळ्यांखालून गेलेली ही ओळ २०१२ मध्ये केव्हीएमचे विकासक पाओलो बोन्झिनी यांनी लक्षात आणून दिली. मायक्रोसॉफ्टने माफी मागितली आणि आकडा बदलण्यात आला. मात्र हायपरव्हायजरच्या बाजूला कोणी त्या आकड्यावर अवलंबून तर नाही ना, हा प्रश्न चर्चेत आलाच. दोन बाजूंमधला करार एकदा वापरात आला की एक आकडा बदलतानाही विचार करावा लागतो, हे त्यातून दिसले.

उदाहरण: एक सुटलेली चूक

सामायिक आकडा दोनदा वाचण्याचा धोका पुस्तकी नाही. २०२१ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या गटाने केव्हीएममधल्या एएमडी प्रोसेसरसाठीच्या भागात असाच दोष दाखवला. त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२१-२९६५७.

आभासी यंत्राच्या आत आणखी एक आभासी यंत्र चालवण्याची सोय असते. त्यासाठी बाहेरचे यंत्र आपल्या मेमरीत एक नियंत्रण-नोंद तयार करते आणि यजमान ती वाचतो. आतल्या यंत्राने पुन्हा यंत्र सुरू करण्याची सूचना दिली तर ती अडवली गेलीच पाहिजे, असा त्या नोंदीत एक बिट असावा लागतो. केव्हीएमने हा बिट तपासला, पण तो पाहुण्याच्या मेमरीत असतानाच. प्रत्यक्ष वापरासाठी नोंद नंतर पुन्हा वाचली गेली. मधल्या क्षणी दुसऱ्या आभासी प्रोसेसरने बिट बदलला तर अडवणूक नाहीशी होई. त्यातून पुढे अजून वापरात असलेली मेमरी परत केली जाई आणि पाहुण्याला प्रोसेसरच्या खास नियंत्रण-रजिस्टरांपर्यंत हात पोहोचवता येई. थोडक्यात, पाहुण्याला यजमानाच्या घराची किल्ली मिळे. हा दोष २०२० च्या अखेरीस आलेल्या ५.१० या आवृत्तीत शिरला होता.

दुरुस्ती लहान होती: नोंद आधी यजमानाच्या मेमरीत उतरवून घ्यायची आणि मग तपासायची. चुकीचा आणि बरोबर कोड यांत फरक होता तो केवळ क्रमाचा.

व्ही-होस्ट या भागातला सीव्हीई-२०१९-१४८३५ हा दोष तर कितीतरी वर्षे टिकून होता. यंत्र दुसऱ्या सर्व्हरवर हलवले जात असतानाच पाहुण्याने चुकीच्या लांबीच्या नोंदी दिल्या, तर यजमान आपल्या नोंदवहीच्या मर्यादेबाहेर लिहीत असे. कोड रोज चालत होता, पण दोष दिसायला यंत्र हलवण्याचा प्रसंग आणि दुष्ट पाहुणा हे दोन्ही एकत्र यावे लागत. चाचणीत असे योग सहसा जुळत नाहीत. म्हणूनच हा प्रसंग वाचणाऱ्याने मनात उभा करावा लागतो.

साधनांची मदत

सगळे काम माणसांवर सोडलेले नाही. ‘चेकपॅच’ शैलीतल्या चुका दाखवतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेले ‘स्पार्स’ हे साधन अविश्वासू पत्ता थेट वापरला जात असेल तर इशारा देते. ‘लॉकडेप’ कुलपांचा क्रम उलटसुलट होऊन प्रणाली अडकेल का ते पाहते. ‘केसॅन’ परत केलेल्या मेमरीचा वापर पकडते. २०१७ पासून गूगलचा ‘सिझबॉट’ कर्नलला अहोरात्र वेड्यावाकड्या आज्ञा देऊन तो कोसळतो का ते पाहतो आणि अहवाल पाठवतो. केव्हीएमसाठी कर्नलसोबतच वेगळ्या चाचण्या आहेत आणि नवी सोय देणाऱ्याने तिची चाचणीही द्यावी, अशी अपेक्षा वाढत चालली आहे.

ही साधने ठरावीक प्रकारच्या चुका उत्तम पकडतात. पण हा बिट तपासायलाच हवा होता, हे सांगायला प्रोसेसरची नियमपुस्तिका वाचलेला माणूसच लागतो. म्हणून या विभागातले परीक्षक एका बाजूला पॅच आणि दुसऱ्या बाजूला इंटेल किंवा एएमडीचे हजारो पानांचे दस्तऐवज ठेवून काम करतात.

पाहुण्याचाही अविश्वास

बराच काळ गृहीत असे होते की पाहुणा लबाड असू शकतो, यजमान मात्र विश्वासू असतो. एएमडीचे एसईव्ही आणि इंटेलचे टीडीएक्स या तंत्रांनी हे गृहीतक बदलले. यात पाहुण्याची मेमरी कूटबद्ध केलेली असते आणि क्लाउड चालवणाऱ्यालाही ती वाचता येऊ नये, असा हेतू असतो. टीडीएक्स आणि एसईव्हीचे एसएनपी हे सुधारित रूप यांना पाहुण्याच्या बाजूचा आधार २०२२ मधल्या ५.१९ या आवृत्तीत लिनक्समध्ये आला.

याचा परिणाम असा की व्हर्टआयओ आणि हायपर-व्हीचे पाहुण्याकडचे जुने ड्रायव्हर नव्या नजरेने वाचावे लागले. यजमानाने ‘इतके बाइट आले’ असे सांगितले तर पूर्वी ते खरे मानले जाई. आता तोही आकडा तपासायचा आणि आलेले पाकीट आधी स्वतःच्या खाजगी मेमरीत उतरवून मगच उघडायचे. कोड तोच असला तरी शत्रू कोण याचे उत्तर बदलले की जुने परीक्षण अपुरे ठरते.

मर्यादा

परीक्षण ही हमी नाही. वाचणारे थोडे आणि पॅच खूप, ही कर्नलमधली कायमची तक्रार आहे. अनेक पॅच चुकीचे म्हणून अडत नाहीत, वाचायला कोणी नाही म्हणून अडतात. शिवाय ही सगळी व्यवस्था सद्भावनेवर उभी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी परीक्षकांची कसोटी पाहण्यासाठी मुद्दाम सदोष पॅच पाठवल्याचे प्रकरण २०२१ मध्ये गाजले, तेव्हा त्या विद्यापीठाचे योगदान थांबवण्यात आले आणि तिथून आलेले जुने पॅचही पुन्हा तपासावे लागले.

तरीही दुसऱ्याने वाचल्याशिवाय कोड आत घ्यायचा नाही, हा नियम टिकून आहे. क्लाउडमध्ये जागा घेणाऱ्या ग्राहकाला शेजारी कोण आहे हे कळत नाही आणि ते निवडण्याचा पर्यायही सहसा नसतो. त्याची माहिती शेजाऱ्यापासून सुरक्षित राहते, ती कोणीतरी एका पॅचखाली ‘हा आकडा दोनदा वाचला जातोय’ एवढे लिहून तो परत पाठवला म्हणून.